माळवदाचे दगडी घर

संध्याकाळची वेळ आहे. ओसरीवर घरची माणसे बसली आहेत. थोरला मुलगा म्हणतो,

"आई, औंदा हे घर पाडू. पावसाची झड लागली की रातभर झोप येत नाही. माती गळते. भिंतीला पोट आलंय."

म्हातारी म्हणते, "पाडू नका रे बाबांनो. तुमच्या आज्यानं एकेक दगड गाडीनं आणलाय. उन्हाळ्यात असा गारवा तुमच्या पत्र्याखाली मिळंल का?"

धाकटा म्हणतो, "मग पाडू नका, ठेवू बी नका. मधली वाट काढा की."

हे बोलणे एका घरचे नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ते गावोगाव चालते. मुलगा म्हणतो तेही खरे, आई म्हणते तेही खरे. मग करायचे काय? ते ठरवायचे तर आपले घर आधी नीट ओळखले पाहिजे. ते कशाचे बांधले, कसे बांधले आणि का बांधले हे समजले पाहिजे. त्याचे बळ कशात आहे आणि दुबळेपणा कुठे आहे, हेही कळले पाहिजे. चला, घर ओळखू या.

दगड कुठून आला?

आपल्या भागात जमीन थोडी खणली की काळा दगड लागतो. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, तो याच दगडापायी. हा दगड फार जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस बाहेर आला आणि चोहीकडे पसरला. तो थंड झाला, त्याचा दगड बनला. पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर चढले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडावर उभा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, बिलोली-देगलूरकडे मात्र दुसऱ्या जातीचा कणीदार दगडही सापडतो.

काळा दगड कठीण असतो. पावसाने झिजत नाही, वाळवी त्याला खात नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी तो घरासाठी घेतला. आधी देवळे बांधली, किल्ले बांधले. देगलूर तालुक्यात होट्टल येथे चालुक्यांच्या काळातली देवळे आहेत. कंधार, औसा, उदगीर येथे दगडी किल्ले आहेत. जुन्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान होता. त्याच्या नावावरून हा शब्द पडला. अशा देवळांत दगड इतके नीट घडवलेले असतात की चुना न घालताही ते एकमेकांत घट्ट बसतात.

शेतकऱ्याच्या घरी एवढा खर्च कोण करणार? त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वाट काढली. वडारांनी खाणीत दगड फोडला. पाथरवटाने छिन्नीने तोंडे घडवली. बैलगाडीने दगड गावात आला. गवंड्याने भिंत रचली. सुताराने खांब, तुळया आणि दारे केली. घरच्या माणसांनी माती तुडवली. असे घर वर्ष वर्ष, दोन दोन वर्षे चाले. सुगीत काम थांबे, उन्हाळ्यात पुन्हा सुरू होई.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे जमिनीची दोन नावे आहेत. पिकाची ती काळी. गाव वसते ती पांढरी. ही नावे उगीच पडलेली नाहीत.

काळी माती पाणी प्याली की फुगते. उन्हाळ्यात वाळली की तिला भेगा पडतात. कधी कधी भेगेत हात जाईल एवढी ती फाटते. पिकाला ही माती चांगली, घराला वाईट. काळ्या मातीवर पाया घातला तर पावसाळ्यात घर वर उचलले जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. मग भिंत तडकते. म्हणून जाणता गवंडी काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत पाया खणायला लावतो.

पांढरी माती अशी फुगत नाही. तिला भेगाही फारशा पडत नाहीत. ती दाबून बसवली की पाणी लवकर आत सोडत नाही. म्हणून माळवदावर घालायला पांढरी माती हवी, असे आपले वाडवडील सांगत. शाळेत न जाता त्यांनी हे ओळखले होते.

भिंत कशी रचली?

आता भिंतीजवळ उभे राहा. ही भिंत दोन फूट जाड असते. कुठे कुठे तीन ते चार फूटही असते. पाहणाऱ्याला वाटते, केवढी भक्कम भिंत! पण ही एक भिंत नव्हे. या दोन भिंती आहेत.

बाहेरच्या अंगाला एक थर असतो. तो मोठ्या दगडांचा, चांगल्या तोंडाचा. आतल्या अंगाला दुसरा थर असतो. दोन्हींच्या मधे पोकळी राहते. त्या पोकळीत लहान दगड, चिपा आणि चिखल भरतात. बाहेरून पाहिले तर दगड चौकोनी दिसतो. पण तो फक्त तोंडाला चौकोनी असतो. पाठीमागे तो निमुळता होत जातो. त्यामुळे बाहेरचा दगड आतल्या दगडाला भेटतच नाही. मधे नुसती माती असते.

पाठीला पाठ लावून दोन माणसे उभी आहेत, असे समजा. दोघांनी एकमेकांचे हात धरले नाहीत. कोणी धक्का दिला तर एक इकडे पडेल, दुसरा तिकडे पडेल. आपल्या भिंतीचे तसेच आहे.

जुन्या चांगल्या गवंड्यांना हे ठाऊक होते. ते मधे मधे एक लांब दगड आडवा घालत. तो या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाई. हा दगड म्हणजे त्या दोघांनी धरलेला हात. पण लांब दगड महाग पडतो. तो फोडायला कष्ट, आणायला कष्ट. पुढे पुढे घाईच्या कामात हा आरपार दगड गळाला. भिंत जाड राहिली, पण एकजीव राहिली नाही.

पावसाळ्यात मधली माती ओली होते आणि खाली बसते. मग दोन्ही थर बाहेर ढकलले जातात. काठोकाठ भरलेल्या पोत्यासारखी भिंत फुगते. यालाच आपण भिंतीला पोट आले असे म्हणतो.

खण आणि माळवद

आता आत या आणि वर पाहा. दगडी उथळ्यावर लाकडी खांब उभा आहे. खांबावर जाड तुळई आहे. तुळईवर कड्या आहेत. कड्यांवर फळ्या किंवा किलचण पसरले आहे. त्यावर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. हे झाले माळवद.

दोन तुळयांमधल्या गाळ्याला खण म्हणतात. आपल्याकडे घर फुटात मोजत नसत, खणांत मोजत. "पाच खणांचं घर हाय" म्हटले की घराची ऐपत कळे. लग्न जुळवताना पाहुणेही खण मोजत. ज्याची ऐपत असे तो सागवान वापरी. किनवट-माहूरच्या जंगलात साग होतो. ज्याची ऐपत नसे तो बाभळीचे किंवा लिंबाचे लाकूड घाली.

माळवद फार उपयोगाचे. त्यावर मिरच्या वाळतात, शेवया वाळतात, कुरड्या वाळतात. उन्हाळ्यात रात्री त्यावर झोपता येते. मधे उजेडासाठी आणि धुरासाठी भोक ठेवलेले असते. त्याला सवणे म्हणतात. पावसात त्यावर झाकण घालतात. कडेला पन्हळी असतात, त्यांतून पाणी बाहेर पडते.

पण माळवदाची एक सवय वाईट आहे. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती घालावी लागते, नाही तर गळती लागते. आजोबांनी चार बोटे माती घातली. वडिलांनी आणखी चार बोटे घातली. जुनी माती खरवडून कोणी काढली नाही. होता होता माळवद दीड फूट, दोन फूट जाड झाले.

त्याचे वजन किती झाले? आपणच हिशेब करू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली धरा. माती दोन फूट जाड आहे. १० गुणिले १० गुणिले २ म्हणजे २०० घनफूट माती झाली. एक घनफूट दाबलेली माती सुमारे ५० किलो भरते. २०० घनफुटांचे झाले १०,००० किलो, म्हणजे १०० क्विंटल. एका बैलगाडीत १० क्विंटल माल धरला तर दहा भरलेल्या गाड्या आपल्या डोक्यावर उभ्या आहेत! पाऊस मुरला की हे वजन आणखी वाढते.

घरातून एक फेरी

वजनाकडे पुन्हा येऊ. आधी घर सारे पाहून घेऊ.

मोठ्या घराला, म्हणजे वाड्याला, पुढे जाड फळ्यांचा दरवाजा असतो. त्यात लहान दिंडी असते. वाकूनच आत जावे लागते. दाराच्या आतून अडसर असतो. हे जाड लाकूड भिंतीतल्या खोबणीतून ओढतात. ते लावले की चार माणसांनाही दार लोटता येत नाही.

आत शिरताच दोन्ही बाजूंना ढाळज लागते. पाहुणा येथे बसतो. सालगड्याचा हिशेब येथे होतो. भांडणतंटाही येथेच मिटतो. पुढे चौक येतो. चौकातून सगळ्या घराला उजेड आणि वारा मिळतो. चौकाच्या भोवती ओसरी असते. एका अंगाला गोठा. बैल हे शेतकऱ्याचे धन, म्हणून ते घरातच, नजरेखाली. आत माजघर, त्याच्या पुढे चूल आणि देव. बाळंतिणीची खोली सर्वांत आत, अंधारी आणि उबदार.

भिंतीत कोनाडे असतात. दिव्यासाठी दिवळी असते. धान्यासाठी बळद असते. काही ठिकाणी जमिनीत पेव असते. पेवात ज्वारी भरून तोंड बंद करतात. दुष्काळात हीच ज्वारी घर जगवते. पेव उघडल्या उघडल्या मात्र आत उतरू नये. कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो. तोंड उघडून हवा खेळू द्यावी, मगच उतरावे.

असे हे घर म्हणजे घर, खळे, गोठा आणि कोठार, सारे एकत्र. शेतकऱ्याचा सारा संसार एका भिंतीच्या आत.

भिंती एवढ्या जाड का?

याची कारणे तीन.

पहिले कारण ऊन. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. जाड दगड लवकर तापत नाही. दिवसभराचे ऊन भिंतीतून आत यायला रात्र उजाडते. तोवर बाहेर गार झालेले असते. म्हणून भर दुपारी माजघर थंड लागते.

दुसरे कारण भीती. पूर्वी दरोडेखोरांचा सुळसुळाट असे. घरात दाणागोटा असे, डाग असत. पोलीस दूर, रस्ते नाहीत. म्हणून बाहेरच्या भिंतीला खिडकी नसे. असलीच तर उंचावर लहानसा झरोका. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. पुढचे वर्ष रझाकारांच्या धाकात गेले. माणसे रात्री अडसर लावून जागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्या उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे.

तिसरे कारण मान. जेवढी भिंत रुंद तेवढा मालक मोठा, असे लोक समजत. "भिंतीवरून बैलगाडी जाईल" असे लोक कौतुकाने म्हणत.

ऊन, चोर आणि भीती यांच्यापासून या भिंतीने आपल्याला राखले. पण एका शत्रूचा विचार कोणी केला नव्हता. तो शत्रू पायाखाली होता.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे

१९९२ च्या ऑक्टोबरात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आसपास जमिनीतून आवाज आले. लहान धक्के बसले. लोक घाबरले. काही दिवसांनी सारे शांत झाले. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

पुढल्या वर्षी अनंत चतुर्दशी आली. गावोगाव गणपती शिरवले. मिरवणुकीने दमलेली माणसे उशिरा झोपली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. जमीन हलली. धक्का थोड्याच क्षणांचा होता. पण तेवढ्यात औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतली गावे भुईसपाट झाली. किल्लारी गेले, सास्तूर गेले. सुमारे ८,००० माणसे मेली. सुमारे १६,००० जखमी झाली. घरच्या घरे बुजली.

लोक म्हणाले, धरणीकंपाने माणसे मारली. पण शास्त्रज्ञ आणि अभियंते पाहणीला आले, तेव्हा त्यांना दुसरेच दिसले. जमिनीने माणसे गिळली नव्हती. माणसे घराखाली सापडली होती. गवताच्या, कुडाच्या झोपड्या बहुतेक उभ्या होत्या. झोपडीतला गरीब वाचला आणि जाड भिंतीच्या वाड्यातला धनी गाडला गेला, असे कित्येक गावांत झाले.

दगडी घरे का पडली?

तुम्ही एसटीत उभे आहात. गाडीला एकदम ब्रेक लागला. गाडी थांबते, पण तुमचे अंग पुढे जाते. अंगावर ओझे असेल तर हिसका जास्त बसतो. भूकंपात तसेच होते. जमीन एकदम सरकते, घर मागे राहू पाहते. घर जेवढे जड तेवढा हिसका मोठा. हलक्या झोपडीला हिसका कमी. शंभर क्विंटल मातीखालच्या खोलीला हिसका फार मोठा.

तो हिसका सोसायचा कोणी? भिंतीने. भिंत जाड होती, पण दोन थरांत फाटलेली होती. चिखलाने दगड धरून ठेवला नाही. बाहेरचा थर बाहेर पडला, आतला थर आत पडला. कोपरे उकलले. म्हणजे भिंतीची जाडी हे बळ नव्हते. ते नुसते वजन होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळी माळवदे सारखी पडली नाहीत. काही घरांत तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या. भिंत पडली आणि माळवद माणसांवर आले. पण काही घरांत माळवद खांबांवर उभे होते. खांब-तुळया धड होत्या. तेथे भिंती ढासळल्या, पण खण उभे राहिले. अशा खणांखालची माणसे वाचली.

म्हणून आपल्या घराला पहिला प्रश्न हा विचारायचा: माळवद कशावर उभे आहे? खांबांवर की भिंतीवर?

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. रुंद रस्ते झाले, घरे सुटी सुटी झाली. पुष्कळांना ती आधी परकी वाटली. ढाळज नाही, गल्ली नाही, शेजार दूर. पण त्यांत झोप तरी निर्धास्त लागू लागली. इतर गावांत लाखाहून अधिक घरांना तडे गेले होते. ती पाडली नाहीत, दुरुस्त करून बळकट केली. म्हणजे धाकटा मुलगा म्हणतो ती मधली वाट खरीच आहे.

भूकंप पुन्हा येणारच नाही, असे समजू नका. २००२ साली सरकारी नकाशा सुधारला, तेव्हा लातूरचा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्यात घेतला. २०२४ साली मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले. ते नांदेडपर्यंत जाणवले. धक्का कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. घर तयार ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

मधली वाट

जुने घर ठेवायचे असेल तर पुढील कामे करावी. ही कामे उन्हाळ्यात, कोरड्या दिवसांत करावी. आधी जाणत्या अभियंत्याला घर दाखवावे. पंचायत समितीत बांधकामाचे अभियंते असतात, त्यांना विचारावे.

१. माळवद हलके करा. हे सर्वांत स्वस्त काम आहे. जास्तीची माती काढून टाका. आठ इंचांपेक्षा जास्त माती ठेवू नका. मघाच्या खोलीत आठ इंच माती म्हणजे सुमारे ३३ क्विंटल. शंभराचे तेहतीस झाले! गळती थांबावी म्हणून मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. माती काढताना एका जागी ढीग करू नका. खाली आधी टेकू द्या.

२. खांब आणि तुळई यांना तिरके हात द्या. आपला खांब उथळ्यावर नुसता उभा असतो. तुळई खांबावर नुसती बसलेली असते. धक्का बसला की चौकट डोलते. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकूड किंवा लोखंडी पट्टी ठोकली की ती डोलत नाही. खाटेचे पाय खिळखिळे झाले की आपण असेच करतो.

३. खांबाचा बुंधा पाहा. काही खांब भिंतीत दडलेले असतात. तेथे ओल धरते आणि लाकूड कुजते. चाकूचे टोक टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर खांब बदलावा लागेल. वाळवीची मातकट नळी दिसली तर लगेच इलाज करा.

४. भिंतीत आरपार बांध घाला. जेथे आरपार दगड नाही तेथे भिंतीला हळूच भोक पाडतात. दगड हाताने हलवून काढतात, घण मारत नाहीत. भोकात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. ते वाळले की दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात.

५. भिंतींना पट्टा बांधा. लाकडी पिंपाला लोखंडी पट्टा असतो. तो सगळ्या फळ्या एकत्र धरतो. तसाच पट्टा घराला चारही बाजूंनी, दारा-खिडक्यांच्या वरच्या अंगाला घालतात. तो सळई किंवा जाळी आणि सिमेंटचा असतो. मग कोपरे उकलत नाहीत.

६. पाणी दूर ठेवा. पन्हळी साफ ठेवा. पन्हळीचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका. न्हाणीचे पाणी पायात मुरू देऊ नका. भिंती धक्क्यानेच पडतात असे नाही, पावसाच्या झडीनेही पडतात.

एक चूक मात्र करू नका. पुष्कळ लोक माळवद काढतात आणि त्याच मातीच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकतात. घर पक्के झाले असे त्यांना वाटते. पण खालची भिंत तीच, चिखलाची, दोन थरांची. डोक्यावर मात्र जड दगडासारखा स्लॅब. हे घर पहिल्यापेक्षा वाईट. पत्रे घातले तर छत हलके होते, पण उन्हाळ्यात तापते आणि वाऱ्यात उडते. पत्रे नीट आवळून बसवावे लागतात.

आणि घर पाडायचेच ठरले तर? तर दगड टाकून देऊ नका. तोच दगड नव्या घराला चालतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली अशा घरांसाठी नियम लिहिले. ते सोपे आहेत. दगडी भिंत दीड फुटाहून जाड नको. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक आरपार दगड घालावा. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नये. दारांच्या वर चोहीकडे पट्टा घालावा. जाडी कमी झाली म्हणजे दगडही कमी लागतो, मजुरीही कमी लागते.

तर मग म्हातारीला काय सांगायचे?

पुन्हा त्या ओसरीवर जाऊ. आता थोरला म्हणतो,

"आई, मी खांब मोजले. सगळं माळवद खांबावर हाय. भिंतीवर नाही. दोन खांब कुजलेत, ते बदलू."

म्हातारी विचारते, "म्हणजे घर राहतं म्हणा की!"

"राहतं, पण वरची माती उतरवायची. पोट आलेली मागची भिंत उतरवून नव्यानं रचायची. आरपार दगड घालून."

"आज्याचेच दगड ना?"

"त्येच दगड, आई. कामाची रीत तेवढी नवी."

मंडळी, तुमच्या घराचा निकाल असाच लागेल असे नाही. कोणाचे माळवद भिंतीवर टेकलेले असेल, कोणाचे लाकूड कुजलेले असेल. अशा घरात झोपू नका. ते पाडावेच लागेल. घर कितीही जुने, कितीही मानाचे असले तरी घरातल्या लेकरापेक्षा ते मोठे नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी एवढे करा. कंदील किंवा बॅटरी घ्या आणि घरातून एक फेरी मारा. हे पाच प्रश्न घराला विचारा.

माळवद कशावर उभे आहे?
वर माती किती बोटे आहे?
कोणत्या भिंतीला पोट आले आहे?
कोणत्या खांबाला वाळवी आहे?
माझी लेकरे कोणत्या भिंतीखाली झोपतात?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "पोट आलेल्या भिंतीखाली" असे निघाले, तर अंथरूण आजच दुसरीकडे हलवा. बाकीची कामे उन्हाळ्यात करता येतील. हे काम उद्यावर टाकू नका.